परब सरांचा ठिपका

लग्नाच्या स्वागत समारंभात परब सर ताट हातात घेऊन भिंतीपाशी उभे राहतात आणि जेवत नाहीत. ते रांग बघतात. "तो निळा शर्ट आता मठ्ठ्याकडे वळणार," ते हळूच सांगतात. निळा शर्ट वळतो. "त्याचा मेहुणा वळला होता. माणसाला तहान नंतर लागते रे, आधी मेहुणा लागतो."

मुलुंडच्या आमच्या इमारतीत सर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, मी दुसऱ्या. त्यांचे वडील मालवणहून येऊन गिरणीत लागले; सर स्वतः कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कुणी कुंड्या लावतं, कुणी ट्रस्टवर जातं. सरांनी आमची इमारत कॉम्प्युटरमध्ये घातली. पडद्यावर प्रत्येक रहिवासी म्हणजे एक ठिपका. जे एकमेकांशी बोलतात त्यांच्यात रेघ. होकार हिरवा, नकार तांबडा. बटण दाबलं की प्रत्येक ठिपका रेघेपलीकडच्या ठिपक्यांकडे बघून आपला रंग ठरवतो, आणि काही फेऱ्यांनंतर इमारतीचा निर्णय समोर येतो.

ठिपक्यांसाठी सरांना माहिती लागे. "नियम सांग," असं म्हणून ते कुणालाही जिन्यात अडवत. तू दूधवाला का बदललास? जोशींनी बदलला म्हणून, की दूध पातळ होतं म्हणून? सेक्रेटरी त्यांना बघून रस्ता ओलांडत. तरीही इमारतीचा रंग, गणपतीची वर्गणी, वॉचमनचा पगार, या सगळ्यांवरच्या सभांचे निकाल सरांनी आधी सांगितले आणि ते खरे ठरले. लोकांना याचा राग येई. आपण ठिपका आहोत हे कुणाला आवडत नाही.

असे ठिपके करून समाजाचं आणि राजकारणाचं वागणं तपासणाऱ्या विद्वानांच्या परिषदा भरतात. सर वर्षानुवर्षं स्वखर्चाने जात आणि शेवटच्या ओळीत बसत. यंदा प्रथमच त्यांचा पेपर स्वीकारला गेला. विषय: आमच्या इमारतीच्या पुनर्विकासावरचं मतदान. अंदाज आधीच पाठवायचा, निकाल व्यासपीठावर सांगायचा. सरांचा अंदाज होता, सगळे हिरवे.

तळमजल्यावरच्या नाईकवहिनी तेवढ्या विरोधात होत्या. त्यांच्या यजमानांची दृष्टी गेली आहे. भिंतीला हात लावत ते घरभर एकटे फिरतात, चहासुद्धा करतात. घर पाडलं की ते खरे आंधळे होतील, असं वहिनींचं म्हणणं. सरांनी मला पडदा दाखवला. वहिनींचा तांबडा ठिपका तिसऱ्या फेरीत हिरवा झाला. "एकटा ठिपका टिकत नाही," सर म्हणाले.

सभेत सेक्रेटरींनी विचारलं, विरोधात कोण? वहिनींनी हात वर केला. सगळी सभा मान वळवून त्यांच्याकडे बघू लागली. हात खाली यावा म्हणूनच असं बघतात. तेवढ्यात मागच्या रांगेतून दुसरा हात वर गेला. तो सरांचा होता. नव्या इमारतीत लिफ्ट येणार होती, आणि तिची सर्वांत जास्त गरज सरांच्या गुडघ्यांना आहे. ठराव अर्थातच मंजूर झाला. जिन्यात मी कारण विचारलं. "मॉडेल चुकलं," एवढंच बोलून ते कठडा धरून वर गेले.

परिषद अंधेरीच्या एका कॉलेजात होती. सरांनी मलाही नेलं. दुपारी जेवणाची दोन टेबलं लावली होती, दोन्हींवर पदार्थ तेच. अनुकरणावर सकाळभर बोललेले सगळे विद्वान एकाच टेबलापुढे रांगेत उभे राहिले. सर रिकाम्या टेबलावरून वाढून घेत सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इथे विषबाधा नाही हो."

जेवणानंतर त्यांची वेळ आली. त्यांनी अंदाज दाखवला, मग निकाल: दोन तांबडे. "चूक माझी. मी सगळ्यांचे ठिपके केले, स्वतःचा करायला विसरलो." सभागृह हसलं.

सत्राचे अध्यक्ष तरुण आणि सौजन्यशील होते. ते म्हणाले, संशोधकानेच हात वर करणं हा हस्तक्षेप झाला. ती दोन मतं वगळली तर अंदाज तंतोतंत बसतो आणि पेपर परिषदेच्या छापील संग्रहात नक्की येतो. शिवाय सरांचा हात नसता तर त्या बाईंचाही खाली आलाच असता.

"आलाच असता," सर म्हणाले. "म्हणूनच वगळणार नाही."

"सर, एवढं चांगलं काम आहे. दोन ठिपक्यांसाठी कशाला हट्ट?"

"पडद्यावर ती तीन फेऱ्यांत हिरवी होते. सभेत मला तिचा हात थरथरताना दिसत होता. ते तुमच्या संग्रहात कुठे बसवू?"

मग पेपर संग्रहात घेता येणार नाही, असं अध्यक्षांनी खेदाने सांगितलं.

"मरांदे तो पेपर," सर म्हणाले. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि या वेळी पहिल्या ओळीत जाऊन बसले. पुढच्या वक्त्याला त्यांनी तीन प्रश्न विचारले.

संध्याकाळी घरी पोचल्यावर त्यांनी मला वर बोलावलं आणि पडद्यावर एक नवा ठिपका काढला. तिसरा मजला. त्याला तांबडा रंग दिला. तळमजल्यापर्यंत एक रेघ ओढली. मग हात थांबला. बाकीच्या ठिपक्यांना रेघांची जाळी होती. सरांनी जिन्यात सर्वांना प्रश्न विचारले होते. बोलणं कुणाशी झालं नव्हतं.

"दुसऱ्या मजल्यावर एक ओढा," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तू माझ्याशी बोलतोस की माहिती काढतोस? नियम सांग."

दोन्ही, असं मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि माझ्या ठिपक्यापर्यंत तुटक रेघ ओढली.

"पक्की नंतर बघू," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून चहा टाकायला उठले. दुसरा कप सापडायला त्यांना बराच वेळ लागला.