चार लिंबं आणि रिव्हर्स गिअर

नशीब माणसाच्या जन्माआधीच ठरलेलं असतं. त्यामुळे त्यासाठी पहाटे उठण्याची गरज नसते. या तत्त्वावर बेळ्ळंदूरच्या गिरीराजअण्णांची गाढ श्रद्धा होती. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून बेंगळुरात आले. घोडा काही खांबांच्या मधोमध उलटा लावावा लागत नाही. अण्णांनी मोटार घेतली आणि घराण्यात प्रथमच रिव्हर्स गिअरचा प्रश्न उभा राहिला.

मोटार घेण्याचं कारण मोठं होतं. लेक दिव्यश्री तीन वर्षांनी परदेशातून घरी येणार होती आणि अण्णांनी तिला फोनवर शब्द दिला होता, "तुला आणायला मीच येणार बघ, आपल्या गाडीतून. टॅक्सीबिक्सी काही नको." पोरगी तिकडे रडली. इकडे लायसन्स तेवढं बाकी होतं.

तयारीत अण्णांनी कसूर म्हणून ठेवली नाही. बेरीज नऊ येईल असा नंबर मिळवला. देवळासमोर चारी चाकांखाली लिंबं ठेवून गाडी त्यांवरून नेली. (गाडी शोरूमच्या माणसानं चालवली, लिंबं मात्र अण्णांनी स्वतः निवडली.) आरशाला काळा दोरा, समोर गणपती, मागे राक्षसाचा मुखवटा. आत नशिबाची एवढी दाटी झाली की चालवणाऱ्याला स्वल्प अडचणच व्हावी. ती अण्णांना कधी जाणवली नाही, कारण ते आत बसतच नसत.

शिकवायला निपाणीकडचा कृष्णात रोज पहाटे साडेपाचला यायचा. त्याचं म्हणणं, बेळ्ळंदूरला गाडी शिकायची ती याच वेळी. नंतर रस्ता दिसत नाही, नुसत्या गाड्या दिसतात. अण्णांचा शास्त्राधार निराळा. सोमवारी साडेसातला राहुकाळ लागतो, तर उगाच त्याच्या तोंडावर कशाला? मंगळवारी नवं काम धरू नये. बुधवारी थंडी होती. पुढचे वारही असेच काही ना काही दोषांनी भरलेले निघाले. मग दारात आलेल्या माणसाला नुसता चहा पाजून परत कसं पाठवायचं, म्हणून अण्णांची बायको रक्षिता गाडीत बसू लागली. शिकाऊ लायसन्स दोघांनी एकदमच काढलं होतं.

पहिल्या आठवड्यात रक्षितानं अपार्टमेंटच्या गेटला, तुळशीच्या कुंडीला आणि शेजाऱ्यांच्या भावनांना धक्का दिला. "अक्का, क्लच जरा हळू सोडा," कृष्णात कळवळून म्हणायचा. "सरी," म्हणजे 'बरं', असं म्हणून ती पुन्हा गाडी सुरू करायची. एकदा भर चौकात गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला, तेव्हा ती घरी येऊन रडलीसुद्धा. दुसऱ्या पहाटे परत जाऊन बसली. हे सगळं अण्णांच्या कानांवर येत होतं. खालून गाडी निघाल्याचा आवाज आला की ते म्हणायचे, "काय खूळ भरलंय हिच्या डोक्यात!" आणि कूस बदलायचे.

परीक्षा दोघांची एकाच दिवशी आली. अण्णा उजवा पाय आधी टाकून गाडीत शिरले. पुढे जाताना ठीक होतं. मागे येताना त्यांनी खांब पाडला. त्या वेळी त्यांचा डावा हात खिशातल्या लिंबावर होता. स्टिअरिंगवर असता तर खांब कदाचित वाचला असता. रक्षिता गेली, मागे आली, पास झाली.

"नशीब लागतं गं," अण्णा म्हणाले. "तुझ्या वेळेला खांब लांब लांब होते."

पण घरी परतताना मागच्या सीटवर बसून त्यांनी हळूच डोळे पुसले. दिव्यश्रीचं येणं चार दिवसांवर आलं होतं. "पोरीला आता काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखवा," रक्षिता म्हणाली. "शेजारी बसा, पट्टा लावा. तुम्हीच आणायला गेलात असं होईल की हो."

देवनहळ्ळीच्या वाटेनं रक्षितानं गाडी सुखरूप विमानतळाला नेली. लेक आली, बापाच्या गळ्यात पडली, आणि आईला स्टिअरिंगवर बघून किंचाळलीच, "आई! तू कधी शिकलीस गं?"

"शिकायचं काय त्यात?" आईनं तोंड उघडायच्या आत अण्णा अभिमानानं म्हणाले. "नशीब काढलंय तुझ्या आईनं!"

रक्षितानं दोन गाड्यांच्या फटीतून आपली गाडी एका दमात मागे काढली. त्या वेळी अण्णांनी डोळे मिटून गणपतीला हात जोडले होते.

ही हकीकत आजवर पुष्कळांना सांगून झाली. पहाटे साडेपाचचा भाग सगळे 'हं, हं' करत ऐकतात आणि शेवटी आवाज खाली आणून विचारतात, "बाईंची रास कोणती हो?" तुमच्याही मनात आलंच असेल, लाजू नका. वृश्चिक. ज्यांची रास वृश्चिक आहे त्यांनी आता निवांत झोपावं. बाकीच्यांना उद्या पहाटे उठावं लागेल.