निकाळजे सरांचं किर्गिझस्तान

आमच्या शाळेतल्या जगाच्या नकाशावर निकाळजे सरांनी एकाच देशाला टिकली लावली आहे. लाल, गोल, आपण कपाळाला लावतो ती. तो देश भारत नाही, किर्गिझस्तान आहे.

वीस वर्षं मास्तरकी करते मी. पण किर्गिझस्तान कुठे आहे असं कुणी विचारलं असतं, तर बदनापूरच्या पुढे कुठेतरी असेल म्हणून मोकळी झाले असते. निकाळजे सर वडीगोद्रीजवळच्या आमच्या शाळेत बदलून आले आणि माझं ते सुख संपलं.

सरांना एकच वेड. दर काही वर्षांनी जगभरातल्या पंधरा वर्षांच्या पोरांची एकच परीक्षा घेतात. गणित, वाचन, विज्ञान. मग देशांची यादी लागते, कोण वर, कोण खाली. ती यादी सरांना तोंडपाठ. नुसती पाठ नाही हो, माणूस त्या यादीतच राहतो! हायवेवरच्या हॉटेलात चहा आला की एक घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "एस्टोनिया. साधा हाय, पण बराबर हाय." वरच्या कार्यालयाचं पत्र तारीख उलटून गेल्यावर आलं की, "सिंगापूरमधी हे चाललं नसतं." एकदा मी मस्तगडच्या माझ्या घरून आणलेल्या डब्यातली भेंडी त्यांना दिली. चावत चावत विचार केला आणि म्हणाले, "फिनलंड हाय मॅडम. पयले लई वर व्हतं, आता जरा घसरून राह्यलं." दोन दिवस मी त्यांना भाजी दिली नाही.

"मग आपण कितवे, ते सांगा ना!" मी एकदा चिडून म्हणाले.

सरांचा आवाज एकदम खाली आला. "आपली दोन राज्यं बसली व्हती एकदा. पार तळाला गेली. मंग आपण बसायचंच बंद केलं. म्हणे प्रश्न आपल्या पोरांच्या जोगते नव्हते."

"आणि आपल्याही खाली कोण होतं?"

"किर्गिझस्तान!" घरची पोरगी पहिली आल्यासारखा चेहरा उजळला त्यांचा. "एकटं तेच व्हतं खाली. अन् त्याच्या आदल्या बारीला बी तेच शेवटी आल्तं. तरी परत बसलं! हिंमत लागते, मॅडम."

शेवटच्या नंबराचं कौतुक करणारा मास्तर मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हटलं, डोक्याचा एखादा स्क्रू ढिला असेल, आपल्याला काय करायचंय.

पण करायची वेळ आली. सरकारच्या सर्वेक्षणाच्या परीक्षेसाठी आमच्या शाळेची निवड झाली. सहावीचा वर्ग, पोरं तेवीस. बाहेरून निरीक्षक येणार, पेपर तेच वाटणार, तेच गोळा करणार. आमच्या मुख्याध्यापकांचं रक्त आटलं. मागच्या वेळी आसपासच्या शाळांत आम्ही शेवटचे आलो होतो आणि भर मीटिंगमध्ये त्यांना उभं करून जाब विचारला होता. तेव्हापासून मीटिंग म्हटलं की ते आधी बीपीची गोळी शोधतात. त्यात निवृत्तीला आठ महिने राहिलेले.

सहावीत आरती होती. आईबाप ऊसतोडीला जातात, त्यामुळे अर्धं वर्ष ती फडावरच असते. वाचताना जोडाक्षर आलं की थांबते आणि मान खाली घालून उभी राहते. नाही ते नाहीच.

आदल्या दिवशी मुख्याध्यापक हसत हसत म्हणाले, "सर, तुमचं ते किर्गिझस्तान उद्या घरी राहिलं तर बरं होईल." मीही हसले. निकाळजे सर हसले नाहीत. "सगळी बसतील," एवढंच बोलले आणि खडू घेऊन वर्गात गेले.

आता खरं सांगते. साहेब येणार म्हटलं की कच्ची पोरं घरी ठेवायची, ही रीत काही आमच्या शाळेनं काढलेली नाही. कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं. शाळा सुटताना मुख्याध्यापकांनी मला खूण केली आणि मी आरतीला बाजूला घेतलं. "उद्या धाकट्या भावाला सांभाळ गं घरी. पेपर काही एवढा महत्त्वाचा नाही."

"बरं मॅडम," ती म्हणाली. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही. ते मला टोचलं, पण बस चुकेल म्हणून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी दहाला पेपर. साडेनऊला सरांनी पोरं मोजली. बावीस.

"आरती कुठंय?"

पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडमनी तिला घरी राहा म्हटलं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आता हे कुठला तरी देश माझ्या तोंडावर फेकून मारणार, म्हणून मी तयारीतच होते. पण नाही. "मॅडम, तुम्ही?" एवढंच म्हणाले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

ते मोटरसायकलीकडे निघाले. मुख्याध्यापक मागे धावले. "सर, निरीक्षक येऊन राहिलेत! गेटाबाहेर गेलात तर लेखी खुलासा घेईन!"

"घ्या ना. आल्यावर सही करतो."

दहा मिनिटांनी निरीक्षक बाई आल्या. चहा नको म्हणाल्या. "दहाला दार बंद. नंतर एकालाही घेता येणार नाही."

त्या वीस मिनिटांत मी घड्याळाकडे किती वेळा पाहिलं, देव जाणे. शेजारी मुख्याध्यापक कपाळ पुसत होते. ती येऊ नये म्हणून त्यांचा जीव टांगणीला, आणि जिनं तिला घरी बसवलं ती मी, ती यावी म्हणून मनात हात जोडून उभी! बाईंनी पाकिटाचं सील तपासलं, पोरांच्या सह्या घेतल्या. दहाला पाच कमी. दहाला तीन कमी. बाईंनी दाराला हात लावला.

तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. सरांच्या मागे आरती, एक वेणी घातलेली, दुसरी तशीच सुटलेली. दोघांच्या मध्ये तिचा धाकटा भाऊ. त्यानं सरांचा इस्त्रीचा शर्ट पाठीमागून चिंब केला होता. आरती पळत आत गेली आणि दार लागलं.

सर बाळाला मांडीवर घेऊन लिंबाखाली बसले. मी गेले. "चुकलं माझं, सर."

त्यांनी मोटरसायकलीची किल्ली बाळाच्या हातात खेळायला दिली आणि बोलले. "मी पाचवीत व्हतो. तपासणीला साहेब येणार, म्हणून गुरुजी म्हणले, काशिनाथ, उद्या तू येऊ नको. मला वाचता येत नव्हतं ना. मी नाल्यापल्याड बाभळीखाली बसून शाळेकडं पाहत राह्यलो. साहेबानं समद्यांला पेन्सिली वाटल्या. मला वाटलं, कुणीतरी बोलवायला येईल. कान लावून बसल्तो, मॅडम."

"मग?"

"कुणी आलंच न्हाई."

मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून लपवलं नाही.

पेपर सुटला. आरती बाहेर आली, बोटाला शाई लागलेली. मुख्याध्यापकांनी धास्तावून विचारलं, "कसा गेला?"

"लई प्रश्न जमलेच न्हाईत सर." तिनं भावाला सरांकडून कडेवर घेतलं, दोन पावलं गेली आणि वळली. "निकाळजे सर, परत कधी हाय परीक्षा? मी येते आपली आपण. तुम्ही नका येऊ बोलवायला."

सरांनी तोंड उघडलं. एकही देश आठवला नाही त्यांना.

"न्हाई," ते म्हणाले, "मी येईनच बोलवायला."