कथेतली बायको कोंकणीत भांडते

धाकू परबाने आपली पहिली कथा टोपणनावाने न देता चक्क स्वतःच्या नावाने छापायला दिली आणि तिथेच त्याचे ग्रह फिरले. (टोपणनाव सुचले नाही, हे खरे कारण.)

डिचोलीच्या कचेरीत कारकुनी करता करता त्याने ती वर्षानुवर्षे घासूनपुसून लिहिली होती. कथेतली बायको नवऱ्याशी कोंकणीत भांडायची आणि देवापुढे मराठीत आरती म्हणायची. डिचोलीत घरोघरी हेच चालते, त्यात काय एवढे? पण दिवस गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी या आंदोलनाचे होते.

कथा छापलेला म्हापशाच्या साप्ताहिकाचा दिवाळी अंक आला. सकाळीच शेजारचा बाबली, कट्टर कोंकणीवाला, दारात उभा.

"म्हणजे आमची भास फकत भांडपाक?"

संध्याकाळी मराठीवाले दत्ताराम मास्तर आले. "परब, आपण घरात कोंकणी बोलतो हे छापलंत कशाला? त्यांच्या हाती पुरावाच दिलात!"

"पण मास्तर, कथा कशी वाटली?"

"कथा? मी वाचली कुठे! लोक सांगतात."

राहिली त्याची बायको विमला. "हांव भांडतां?" म्हणजे 'मी भांडते?' असे ती इतक्या जोरात ओरडली, की बाबली परत खिडकीशी आला.

धाकू धावतपळत म्हापशाला संपादकांकडे गेला. "काहीतरी खुलासा करा हो, संसार मोडेल!" संपादक सज्जन. पुढच्याच अंकात चौकटीत ठळक छापून आले : 'सदर कथेतील पत्नी लेखकाची नाही.'

"मग कोणाची?" असे सगळी डिचोली विचारू लागली. विमलाने विचारलेसुद्धा नाही. पिशवी भरली आणि सर्वणला माहेर गाठले.

दारावर येणाऱ्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव काळ्या चहात बुडवून खाताना धाकूला रडू यायचे. घर गेले, दोन्ही भाषा गेल्या आणि कथेबद्दल एकाही माणसाने बरा-वाईट शब्द काढला नाही. शेवटी मन घट्ट करून तो सर्वणला गेला. विमला अंगणात मिरच्या निवडत बसली होती.

"विमल, शपथ घेतो, परत लिहिणार नाही. ती बायको तूच."

"म्हाका कळ्ळां तें. भांडण बरें जमलां."

धाकूचा चेहरा उजळला. अखेर एक वाचक भेटला! "खरंच?"

"पूण तें भांडण म्हजें," विमला मिरचीचे देठ मोडत म्हणाली. "बाकीचें जें तुमी बरयलां, तें वाचतां वाचतां म्हजो डोळो लागलो."