संदेश सरांची शुगर

"कोमल, खरं सांग. किती वाट्या रस ढोसलास?"

"एक बी न्हाई, सर! बोटसुद्धा चाटलं न्हाई!"

पवनानगरला धरणाकाठी मधुमेह असलेल्या मुलांचं उन्हाळी शिबिर चालू होतं. शिबिरप्रमुख संदेश सरांच्या हातात शुगर मोजायचं मशीन होतं आणि मशीनवर कोमलचा आकडा होता चारशे अडतीस. एरवी परंदवडीच्या या नववीतल्या पोरीची शुगर इतकी शहाण्यासारखी वागायची, की बाकीची मुलं तिच्यावर खार खाऊन असायची.

दुपारभर मुलांनी स्वयंपाकघरात पायरी आंबे पिळले होते. रात्री प्रत्येकाला मोजून अर्धी वाटी रस आणि त्या हिशेबाने इन्सुलिन, असं डॉक्टर राजेश्वरी मॅडमनी ठरवून दिलं होतं. मग मॅडम औषधं आणायला लोणावळ्याला गेल्या आणि रविवारच्या पर्यटकांच्या गाड्यांत अडकून पडल्या. त्यामुळे राज्य सरांचं. सरांना मधुमेह नव्हता, पण मधुमेहावर तासभर भाषण यायचं.

"शुगर अडीचशेच्या वर, तर उद्या तिकोना किल्ला बंद! नियम म्हणजे नियम."

शाळेच्या प्रत्येक सहलीत 'हिला काही झालं तर?' म्हणून कोमलला पायथ्याशी डबे राखत बसवलं जायचं. ती आजवर इतके डबे राखत बसली होती, की वासावरून कुणाची भाजी काय ते सांगायची. किल्ल्याचा माथा मात्र एकही पाहिला नव्हता. उद्या पहिल्यांदा वर जायचं होतं.

मग उमेशला तपासलं. चारशे बारा. मंगल, तीनशे नव्वद.

"टोळी आहे ही, टोळी!" सरांनी पातेल्याचं झाकण उचललं. "बघा, रस कमी झालाय!"

"फेस बसलाय त्यो," स्वयंपाकाच्या कस्तुरामावशी म्हणाल्या. "पोरांवर आळ घेऊ नगा. मी हितंच हुते."

"मग मशीन खोटं बोलतंय का?"

"तुमची तपासा की, सर!" कोमल उसळली. "तुमी बी आमच्यात बसून आंबे पिळत हुता!"

सरांनी हसत हसत, फोटो काढायचा असल्यासारखं बोट पुढे केलं. टोचलं. थेंब पट्टीला लावला.

चारशे एकाहत्तर.

सर हळूच आंब्यांच्या क्रेटवर बसले. क्रेट कर्रकन वाजलं.

"तरीच," ते पुटपुटले. "सकाळपासून सारखी तहान लागतेय."

"मे महिना हाय, सर," मंगल म्हणाली.

"लघवीलाही दोनदा..."

"पाणी प्यालात ना, सर."

सरांना ऐकूच येत नव्हतं. उमेशने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि रोज सकाळी सर ज्या आवाजात बोलायचे, अगदी तोच काढला. "खचायचं नाही, सर. आपणही चारचौघांसारखं आयुष्य जगू शकतो."

"लग्नबिग्न सगळं होतं," मंगलने धीर दिला.

"माझं झालंय!"

"मग तर टेन्शनच न्हाई."

इकडे एक माशी कोमलच्या बोटावरून उठली आणि थेट सरांच्या बोटावर जाऊन बसली. सरांनी झटकली, तरी ती परत तिथेच. कोमलने स्वतःचं बोट हुंगलं. पायरी! दुपारी लाईट गेलेली, मोटार बंद, नळ कोरडा. सगळ्यांनी हात नुसते फडक्याला पुसले होते. रक्ताच्या थेंबाबरोबर पट्टीवर आंबाही चढला होता! ती गुपचूप मशीन घेऊन माठाकडे गेली, साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि पुन्हा टोचलं. एकशे अठरा.

ती परत आली, तेव्हा सर विचारत होते, "सुई फार दुखते का गं?"

"सवय हुईल, सर. पण उद्या तुमी किल्ल्यावर यायचं न्हाई."

"का?"

"अडीचशेच्या वर हाय ना."

"अगं, मी ठणठणीत आहे! आकडा काहीही म्हणू दे. माझं शरीर मला कळत नाही का?"

तिघांनी एकदम मशीनकडे बोट केलं. सरांनी आधी तिघांकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"बरं," ते खाकरले. "मॅडम आल्या की सगळ्यांची पुन्हा तपासू. आणि... रस तुम्ही प्यायला नाहीत, हे मला मान्य आहे."

हे कानावर पडताच कोमलने तांब्या उचलला आणि सरांच्या हातावर पाणी ओतलं. साबण लावून घेतला, हात पुसून दिला, बोट टोचलं. शहाण्णव.

सरांनी आकड्याकडे बघितलं. बोटाकडे बघितलं. पातेल्याकडे बघितलं.

"तुला कधी कळलं हे?"

"मगाशीच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलू कुटं देत हुता?"

एवढ्यात कस्तुरामावशी आतून भलामोठा ग्लास घेऊन आल्या. काठोकाठ हिरवागार कारल्याचा रस.

"नाक दाबा आन् एका दमात प्या, सर."

"अहो मावशी, मला काहीही झालेलं नाही!"

मावशींनी मायेने मान हलवली. "पयल्यांदा समदी असंच म्हंत्यात, बाबा."

सरांनी मदतीसाठी कोमलकडे बघितलं. कोमलने उमेश आणि मंगलला जवळ बोलावलं, आणि तिघंही समोर मांडी घालून नीट बघत बसली.