नसलेल्या मुलीचा प्रवेश

"मुलीचं नाव?" मुख्याध्यापिका उत्तरा मॅडमनी विचारलं.

"सान्वी," सुधीर म्हणाला. त्याच क्षणी शेजारी बसलेली कल्पिता म्हणाली, "श्रिया."

मॅडमनी चष्मा काढून दोघांकडे पाहिलं.

"एक घरचं, एक शाळेचं," सुधीरने सावरून घेतलं.

खरं म्हणजे मुलगीच नव्हती. सुधीर आणि कल्पिता नवरा-बायकोही नव्हते. दोघं सरकारी चौकशी पथकातले. टिटवाळ्याची ही शाळा एका पुढाऱ्याची. सकाळच्या प्रार्थनेत मुलांकडून त्याच्या स्तुतीचं गाणं म्हणवून घेतात, अशी विरोधकांची तक्रार होती. फाटकाच्या एका बाजूला 'शाळा बंद करा'वाले बसायचे, दुसऱ्या बाजूला 'शाळा वाचवा'वाले. मागे रीतसर नोटीस देऊन पथक आलं, तेव्हा मुलांनी साधी प्रार्थना इतकी गोड म्हटली की पथक माना डोलवत परत गेलं. म्हणून या खेपेला साहेबांनी दोघांना पालक बनवून पाठवलं होतं. "कुणाला कळता कामा नये. घरीसुद्धा नाही," असं बजावून.

उत्तरा मॅडमना आता प्रत्येक पालक पत्रकार वाटायचा, नाहीतर विरोधकांचा माणूस.

"मुलगी डब्यात काय खाते?"

सुधीर कल्पिताकडे वळला. "मॅडम, तुम्ही सांगा ना."

"नको सर, तुम्हीच सांगा."

"घरी तुम्ही एकमेकांना सर-मॅडम म्हणता?"

"मुलीवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून," सुधीर म्हणाला.

मॅडमनी साक्षीला कुणीतरी असावं म्हणून चित्रकलेच्या कांताबाईंना बोलावलं. कांताबाई आल्या, सुधीरकडे बघतच राहिल्या, आणि तडक निघून गेल्या.

"बातमी द्यायला गेली," सुधीर कल्पिताच्या कानाशी कुजबुजला. "आता सगळे पुरावे लपवतील."

बातमी द्यायलाच गेल्या होत्या, पण फोनवर, कळव्याला सुधीरच्या बायकोला, ऐश्वर्याला. कांताबाई तिची लांबची मावशी. सुधीरच्या लग्नात त्यांनी त्याच्या डोक्यावर अक्षता टाकलेल्या. त्याला त्या आठवतही नव्हत्या.

सुधीरचा मोबाइल वाजला. ऐश्वर्या.

"कुठे आहेस?"

"ऑफिसमध्ये."

"बरोबर कोण आहे?"

"कोणीच नाही. का गं?"

"काही नाही. आपल्याला मुलगी कधी झाली, तेवढं घरी येऊन सांग."

संध्याकाळी सुधीरने साहेबांचा हुकूम मोडून सगळं सांगितलं. ऐश्वर्याने शांतपणे ऐकलं आणि त्याच्यासमोरच साहेबांना फोन लावला. साहेब गुप्ततेच्या बाबतीत पक्के. ते म्हणाले, "टिटवाळ्याला? नाही हो, आमची तिकडे कसलीच चौकशी चालू नाही."

कल्पिताला विचार, असं सुधीर म्हणाला. "ती तुझ्याच बाजूने बोलणार," म्हणून ऐश्वर्या आतल्या खोलीत गेली आणि तिने कडी लावली.

आता साक्षीला उरल्या एकट्या उत्तरा मॅडम. दुसऱ्या दिवशी सुधीर ऐश्वर्याला घेऊन शाळेत गेला. दोन्ही पक्षांचे लोक घोषणा थांबवून बघू लागले. सुधीरने मॅडमच्या टेबलावर आपलं ओळखपत्र ठेवलं. "मी चौकशीला आलेलो मॅडम. हे माझ्या बायकोला सांगा."

मॅडमनी ओळखपत्र उजेडात धरलं, उलटसुलट केलं. "आणि या खरंच तुमच्या बायको, हे कशावरून?"

"मी काल याला बाहेरच्या खोलीत झोपवलंय," ऐश्वर्या म्हणाली.

मॅडमना ते पटलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही निर्धास्त राहा. मी हजारो नवरा-बायको बघितलेत. काल हे आणि त्या बाई अर्धा तास बसले, पण एकाने दुसऱ्याचं बोलणं मध्ये तोडलं नाही. हे कसले नवरा-बायको?"

ऐश्वर्याचा चेहरा निवळला. सुधीरला इतकं हलकं वाटलं की गाण्याची चौकशी करायचं राहूनच गेलं. दोघं बाहेर आली आणि टिटवाळ्यातच मिसळ खाऊन घरी गेली.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. या वेळी दोन्ही पक्षांनी मिळून तक्रार केली होती: एक इसम लागोपाठ दोन दिवस दोन वेगवेगळ्या बायका घेऊन शाळेत शिरला. खाली दोन्ही पक्षांच्या सह्या. शेजारी शेजारी सही करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"सर, पहिल्या दिवशी तुम्हीच पाठवलेलं."

"मी? कागदोपत्री तशी चौकशीच नाही, सुधीर. तू नेमका कशाला गेला होतास, हे आता तूच सिद्ध करायचंस. तोपर्यंत शाळेची फाइल बाजूला."

मॅडमकडून तसं लिहून घ्यायला सुधीर परत टिटवाळ्याला गेला. फाटकाशी दोन्ही बाजूंच्या लोकांनी मोबाइल वर धरले. उत्तरा मॅडम पायऱ्यांवरच उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या मागे नीट वाकून पाहिलं.

"आज एकटेच?"