सोनकांबळे गुरुजींचं परराष्ट्र धोरण

आमच्या जळकोटच्या शाळेत परराष्ट्र खातं सोनकांबळे गुरुजींकडं होतं. तसे ते भूगोल शिकवायचे; मीही तिथंच शिक्षक होतो. पण दुपारच्या एस.टी.नं पेपर आला की दूरदेशीच्या लढाईवर दिल्ली काय बोलली ते आधी वाचायचे आणि दिल्लीला लिहायला पोस्टकार्ड काढायचे. "जरा मवाळच बोलले. कळवाया पायजे." उत्तर कधी आलं नाही. पोस्टमन हसायचा. गुरुजी म्हणायचे, "वाचत आसतील."

अमेरिका असो की रशिया, "आपन कुनाच्या दावनीला न्हाई," हे त्यांचं पालुपद.

लातूर जिल्हा नवा व्हायला अजून अवकाश होता, तेव्हाचा दुष्काळ. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो. गाव नाकं मुरडत ती खायचं. गुरुजींनी घेतलीच नाही. "धान्य देनारा उद्या मत बी मागंल." मिळाली तर गावची ज्वारी, नाहीतर मूठभर फुटाणे. सदरा अंगावर लोंबायला लागला.

शाळेत मात्र पोरांसाठी आलेली परदेशी दूधपावडर ते स्वतः कालवायचे, एक गुठळी राहू द्यायचे नाहीत. मी डिवचलं, "गुरुजी, अन् धोरण?"

"ते मोठ्यांनी पाळायचं. लेकरांच्या पोटाला कसलं धोरण?"

एके दिवशी नकाशावर आफ्रिका दाखवता दाखवता ते कोसळले. मी त्यांना घरी नेलं. एकटेच राहायचे. चूल थंड होती. मी चिडलो. ते भिंतीकडं बघत म्हणाले, "सर, माझा बा पाटलाच्या दारात भाकर मागाया जायचा. पाटील लई चुकीचं बोलला तरी 'हाव मालक' म्हनायचा. देशावर तशी पाळी येऊ न्हाई, एवढंच."

मी शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याही दारात तसं उभं राहिलेलं माणूस मला आठवलं.

घरून दोन भाकरी अन् ठेचा आणला, एकाच ताटात वाढला आणि शेजारी बसलो. त्यांनी हात लावला नाही.

"हे खाल्ल्यावर तुमच्या विरोधात बोलता येईल का?"

"बोला की. रोज बोला."

मग ते जेवले. सावकाश, मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या बैठकीत मी सहामाही परीक्षा पुढं ढकलायची सूचना मांडली. गुरुजी ताडकन उठले. "सरांचं साफ चुकतंय!" सूचना पडली.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "सांच्याला येऊ का जेवायला?"