नववी पायरी

चौसाळकर सरांनी शेवटच्या उदाहरणावर लाल शाईची फुली मारली आणि वही रामकिसनकडे सरकवली. झालं! बारा उदाहरणांची वही, अकरांवर सही, आणि बारावं हे असं आडवं आलेलं. बाराही उदाहरणांवर सही झाल्याशिवाय टर्म मिळत नसे आणि टर्म मिळाल्याशिवाय बी.एस्सी.च्या परीक्षेला बसता येत नसे. रामकिसन मेकॅनिक्समध्ये आधीच दोनदा आपटला होता. त्याच्या बापानं, पुंजारामनं, दिवाळीतच देवगाव रंगारीहून निघताना त्याला बजावलं होतं, "आवंदा शेवटचं. नाय जमलं तर गुमान औत धरायचं."

उदाहरण असं होतं. ओल्या फरशीवर बारा पायऱ्यांची शिडी भिंतीला टेकून उभी आहे. शिडीच्या तिप्पट वजनाचा माणूस तिच्यावर चढतो. शिडी घसरायच्या आधी तो कितव्या पायरीपर्यंत जाईल? रामकिसनला त्या माणसाचा मनापासून राग यायचा. फरशी ओली आहे हे डोळ्यांनी दिसतंय, तरी मेल्याला वर जायचंच आहे.

हे उदाहरण त्याला सोडवून दिलं होतं घरमालकांनी. उस्मानपुऱ्यात तो ज्यांच्याकडे खोली घेऊन राहायचा ते अनंतराव पोलीस ॲक्शनच्या आधीपासून, म्हणजे निजामाच्या राज्यापासून, पाटबंधारे खात्यात होते. हैदराबादला गणित शिकले, तेही उर्दूतून. नंतर राज्य बदललं, भाषा बदलली, आणि गेल्या वीस वर्षांत त्यांना कुणी साधा गुणाकारसुद्धा विचारला नव्हता. रामकिसननं वही पुढं केली तेव्हा म्हाताऱ्यानं चष्मा पुसून लगेच पेन्सिलीला टोक काढलं होतं. लाल फुली बघून मात्र ते चवताळून उठले.

"गलत? माझं उत्तर गलत? अरे, मी बांधलेले तीन बंधारे अजून पाणी अडवून उभे आहेत!"

"पर काका, पुस्तकात दहावी पायरी हाय. तुम्ही आठवी काढली."

"पुस्तक चढलं होतं का शिडीवर? चल, तुझ्या सरांकडे चल."

रामकिसननं लई विनवलं, पण अनंतराव ऐकतात कसले! सरांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. तिथं ओसरीवर अर्धा तास दोघांची जुंपली. सर पुस्तक दाखवत होते, अनंतराव बोटांनी हवेत कोन काढत होते. शेवटी सरांचाही तोल गेला.

"ठीक आहे! उद्या रविवार. माझ्याच अंगणात शिडी लावा. नवव्या पायरीवर घसरली तर तिथल्या तिथं सही करतो. नाही घसरली तर ही वही या जन्मात माझ्यासमोर आणायची नाही."

"कबूल!" अनंतराव म्हणाले.

"पण चढणार कोण?" सरांनी विचारलं.

सरांचं पोट आणि अनंतरावांचं वय, दोन्ही चढण्यातलं नव्हतं. दोघांनीही रामकिसनकडे बघितलं.

सकाळी अनंतरावांनी रंगाऱ्याची शिडी आणली. लाकडाच्या वखारीत आधी शिडी तोलली, मग त्याच काट्यावर रामकिसनला बसवलं. शिडी अठरा किलो, रामकिसन चोपन्न. "वा! जणू याच उदाहरणासाठी जन्मलास," अनंतराव म्हणाले. मग सरांच्या अंगणातल्या फरशीवर दोन बादल्या पाणी ओतलं, शिडी पुस्तकात दिली होती तितकीच तिरकी लावली, आणि परीक्षा सुरू झाली.

रामकिसन चढू लागला. पाचव्या पायरीवर त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिडी घसरली तर टर्म. नाही घसरली तर औत. म्हणजे आपल्याला पडायचंय! सव्वीस मार्कांनी नापास झालो तेव्हासुद्धा एवढी भीती वाटली नव्हती. हातपाय मोडून घ्यायला आपण एवढं शिकलो का, या विचारानं त्याला रडूच कोसळलं.

सहा. सात. आठ. त्यानं डोळे मिटले, मारुतीरायाचं नाव घेतलं आणि नववीवर पाय ठेवला.

काही झालं नाही.

"बघा!" सर खालून ओरडले. "मजबूत उभी आहे!"

अनंतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बघून रामकिसनला स्वतःपेक्षा त्यांचीच जास्त दया आली. मग त्याची नजर खाली गेली. सरांच्या पत्नी पद्मजाबाई हातातलं तांदळाचं ताट तसंच धरून शिडीच्या बुडाशी उभ्या होत्या. आणि त्यांचा एक पाय शिडीला घट्ट लावलेला होता.

"काकू!" रामकिसन किंचाळला. "पाय काढा!"

"अरे, पडशील ना लेकरा! या दोघांना अक्कल नाही, मला तरी आहे."

"पडू द्या हो! पडलो तरच पास हाय मी!"

"हे कसलं रे मेलं शिक्षण?" असं म्हणत पद्मजाबाई घाबरून मागं सरल्या.

शिडी त्याच क्षणी घसरली. अनंतरावांनी टाळी वाजवली, आणि टाळी संपायच्या आत रामकिसन फरशीवर होता. खाली उजवा हात, वर तो.

चौसाळकर सर खोटे नव्हते. सरकारी दवाखान्यात प्लास्टर ओलं असतानाच त्यांनी वही मागवली, लाल फुली खोडली, सही केली आणि मान खाली घालून स्टुलावर बसले. टर्म मिळाली. परीक्षा आठ दिवसांवर होती, आणि रामकिसनचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढरा होऊन उशीवर पडला होता. प्लास्टर निघायला सहा आठवडे.

संध्याकाळी पुंजाराम एस.टी.नं आला. पोराचं प्लास्टर त्यानं बोटानं ठोकून बघितलं. अनंतराव लगबगीनं पुढं झाले. वीस वर्षांचं समाधान त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं.

"पुंजारामजी, काळजी करू नका. पोरानं नाव काढलं. उत्तर अगदी बरोबर आलं!"

"बरोबर आलं व्हय?" पुंजारामनं पटका काढून मांडीवर ठेवला आणि वार्डातल्या सगळ्या खाटांवरून सावकाश नजर फिरवली. "मंग ज्यांचं चुकलं, ती पोरं कुठं ठिवलीत?"